पंचवीस फेऱ्यांचा उपचार

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कर्करोगावरच्या किरणोपचाराला किरणोपचार असं सहसा कुणी म्हणत नाही. ‘डॉक्टरांनी शेक सांगितलाय’ म्हणतात, नाहीतर ‘लाइट घ्यायला टाटाला जातो’ म्हणतात. कवितेच्या नादामुळे माणसांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवायची मला सवय आहे. शेक म्हटलं की निखारा आठवतो, तवा आठवतो, बाळंतिणीची शेगडी आठवते. ऐकणाऱ्याच्या मनात भाजण्याची भीती बसते. प्रत्यक्षात हा उपचार घेताना ऊब लागत नाही, चटका बसत नाही. यंत्राखाली काही मिनिटं स्वस्थ पडून राहायचं, एवढंच रुग्णाचं काम. माझ्या ओळखीच्या एक मावशी पहिल्या दिवशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, ऊब तर काही लागली नाय. खरंच दिला का शेक?’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘आन् एवढंसंच होतं, तर पंचवीस वेळा कशाला बोलावतात? एकदाच काय तो देऊन टाकायचा.’’

श्रोतेहो, हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. मावशींना तो एसटीच्या आणि लोकलच्या फेऱ्या मोजताना पडला. डॉक्टरांना तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पडला होता, आणि त्याचं उत्तर सापडायला जवळजवळ तीस वर्षं गेली. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण या उत्तराचा इतिहास आपल्याकडच्या माणसांना माहीत असायला हवा, असं मला वाटतं. तो माहीत नसल्यामुळे काहीजण उपचार अर्धवट टाकून घरी येतात.

सुरुवात जर्मनीत झाली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म रॉन्टगेन यांना एक नवा, न दिसणारा किरण सापडला. तो काय आहे हे ठाऊक नव्हतं, म्हणून गणितातल्या अज्ञात संख्येसारखं त्याला ‘क्ष’ नाव मिळालं. पुढच्याच वर्षी शिकागोत आणि व्हिएन्नात तो रुग्णांच्या अंगावर वापरून पाहिला गेला. १८९६ मध्येच पॅरिसमध्ये हेन्री बेकेरेल यांना युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले, आणि १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्युरी या दांपत्याने रेडियम शोधून काढलं. १९०१ मध्ये बेकेरेल रेडियमची छोटी कुपी कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरले, तेव्हा त्यांच्या कातडीवर भाजल्यासारखी जखम झाली. पिएर क्युरींनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम ठेवून पाहिलं. त्यावरून डॉक्टरांनी विचार केला, जो पदार्थ चांगली कातडी जाळतो, तो वाईट गाठही जाळेल.

जाळलीही. कातडीवरच्या गाठी विरघळताना पाहून लोक थक्क झाले. पण या शक्तीची किंमत काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेत एडिसन यांचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या हातात धरून तपासायचा. त्याचे हात सडत गेले आणि १९०४ मध्ये तो कर्करोगाने मरण पावला. असे बळी पुढे अनेक गेले. १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या बागेत त्यांचं स्मारक उभारलं, त्यावर सुरुवातीला १६९ नावं होती. डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका अशी ही माणसं. ज्या काचेआड आज तंत्रज्ञ उभे राहतात आणि ज्या जाड भिंतींच्या खोलीत यंत्र ठेवतात, त्या काचेची आणि भिंतीची गरज या माणसांच्या मरणातून कळली.

रुग्णांच्या बाबतीत वेगळी अडचण होती. सुरुवातीचे बरेच डॉक्टर मावशींच्याच मताचे होते. काय द्यायचं ते एकदाच, भरपूर द्यावं. पण तसं दिलं की गाठ आकसायची आणि तिच्याबरोबर वरची कातडी, आजूबाजूचं मांसही जळून जायचं. कमी दिलं की कातडी वाचायची, पण गाठ परत यायची.

हा गुंता पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये सुटला. तिथे क्लोदियस रेगो नावाचे शास्त्रज्ञ मेंढ्यांवर प्रयोग करत होते. नराच्या वृषणात पेशींची वाढ सतत चालू असते, कर्करोगाच्या गाठीतही तसंच असतं, म्हणून रेगोंनी गाठीचा नमुना म्हणून तो अवयव निवडला. त्यांना असं दिसलं की, एकाच वेळी किरण देऊन मेंढ्याला निर्बीज करायला गेलं तर वरची कातडी भाजून निघते. तेच किरण काही दिवसांत वाटून दिले तर आतल्या वाढत्या पेशी मरतात आणि कातडी टिकते. १९२० नंतरच्या दशकात त्यांचेच सहकारी आंरी कुतार यांनी ही रीत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाला लावली. रोज थोडा डोस, असे कित्येक आठवडे. एरवी मरणाच्या दारात असलेले काही रुग्ण त्यातून बरे झाले आणि पुढे वर्षानुवर्षं जगले. आज जगभर जो किरणोपचार चालतो, त्याचा पाया तिथे घातला गेला.

त्यामागचं कारण असं की किरण पेशीच्या आतल्या डीएनएला तोडतात. चांगल्या पेशीत ही मोडतोड दुरुस्त करायची ताकद असते. एका रात्रीत ती बरीचशी सावरते. कर्करोगाच्या पेशीची वाढ बेबंद असते, तिची दुरुस्ती मात्र कच्ची असते. आज मोडलं, रात्री चांगली पेशी सावरली, रोगट पेशी तेवढी सावरली नाही, उद्या पुन्हा मोडलं. असं करत करत चांगलं टिकतं आणि वाईट संपत जातं. आपल्याकडे पेरणीआधी राब भाजतात, तेव्हा तणाचं बी मरावं पण माती मरू नये एवढ्याच बेताने आग ठेवतात. बेत चुकला तर दोन्हीकडून नुकसान. किरणोपचारात हा बेत आगीच्या आकारावर नाही, दिवसांच्या संख्येवर ठरतो. दोन फेऱ्यांच्या मधली रात्रसुद्धा औषधाचाच भाग आहे.

किरणांचं माप ‘ग्रे’ या एककात मोजतात. गर्भाशयमुखाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात त्या रोगात, बाहेरून द्यायचे किरण साधारण २५ दिवसांत वाटतात. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. त्यानंतर आतून किरण देण्याच्या काही बैठका असतात. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात हा आकडा ३३ किंवा ३५ दिवसांपर्यंत जातो. तंबाखू आणि मशेरी आपल्या वाड्यापाड्यांवर अजून किती घरांत आहे, ते आपल्याला सांगायला नको.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. जमशेदजी टाटांचे चिरंजीव सर दोराबजी यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ मध्ये परदेशात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्याआधी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला देऊन टाकली होती. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या.

त्या काळी किरणोपचार म्हणजे क्ष-किरणांची अवाढव्य यंत्रं आणि रेडियमच्या सुया. रेडियम किती महाग होतं पाहा. १९२१ मध्ये मेरी क्युरींना संशोधनासाठी एक ग्रॅम रेडियम हवं होतं, तेव्हा अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून एक लाख डॉलर जमवले. ज्या बाईने रेडियम शोधलं आणि त्याच्या कृतीचं पेटंट घ्यायचं नाकारलं, तिलाच ते विकत घेणं परवडत नव्हतं. अशा पदार्थावर चालणारा उपचार गरीब देशातल्या खेड्यांपर्यंत येणं शक्य नव्हतं.

हे चित्र कोबाल्टने बदललं. साधा कोबाल्ट धातू अणुभट्टीत ठेवला की त्याचा काही भाग कोबाल्ट-६० बनतो, आणि त्यातून खोलवर जाणारे गॅमा किरण निघतात. १९५१ मध्ये कॅनडात या कोबाल्टची पहिली यंत्रं रुग्णांसाठी चालू झाली. भारतात १९५७ मध्ये मद्रासच्या अड्यार इथल्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये असं यंत्र बसलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ मध्ये, तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली होती. अणुशक्ती म्हटली की लोकांना बॉम्ब आठवतो. पण होमी भाभांना त्यात दवाखानाही दिसत होता. टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं होतं, ते १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आलं. आजही ते त्याच खात्याकडे आहे. परळच्या रुग्णालयाचं पालक खातं अणुऊर्जेचं का, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर या इतिहासात आहे.

पुढे आपल्याच अणुभट्ट्यांत कोबाल्ट-६० तयार होऊ लागलं. कोबाल्टची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. मग तेवढाच डोस द्यायला रुग्णाला यंत्राखाली दुप्पट वेळ पडून राहावं लागतं, म्हणून ठरावीक काळाने आतला कोबाल्ट बदलावा लागतो. तो देशातच मिळणं ही फार मोठी सोय होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर पुढे यंत्रही घरचं बनवलं आणि त्याला ‘भाभाट्रॉन’ असं नाव दिलं. टाटा रुग्णालयाच्याच खारघरच्या केंद्रात पहिलं भाभाट्रॉन बसलं, आणि नंतर व्हिएतनामसारख्या देशालाही भारताने ते भेट दिलं. आता मोठ्या रुग्णालयांत विजेवर चालणारी लिनिअर ॲक्सिलरेटर यंत्रं आहेत, आणि २०२३ पासून खारघरला प्रोटॉन किरणांनीही उपचार होतात. यंत्रं बदलली, किरण नेमके झाले, पण रोज थोडं देण्याची रेगो-कुतारांची रीत पायाशी तशीच राहिली.

या उपचाराने माणसं बरी होतात का? आपल्याकडे शेक सांगितला म्हणजे सगळं संपलं, असं समजणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी परळच्याच एका अभ्यासाची हकिगत सांगतो. २००३ ते २०११ या काळात टाटा रुग्णालयात डॉ. श्याम श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पुढे गेलेल्या, तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांना नुसते किरण दिले, निम्म्यांना किरणांबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषध दिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनंतर नुसते किरण घेतलेल्या शंभरांतल्या ४६ जणी हयात होत्या, आणि सोबत औषध घेतलेल्या शंभरांतल्या ५४. हे आकडे तिसऱ्या टप्प्याचे आहेत. लवकर आलेल्या रुग्णाची आशा याहून मोठी असते.

मात्र यात एक अट आहे. उपचार ठरल्या मुदतीत पुरा व्हायला हवा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतले सगळे किरण मिळून साधारण आठ आठवड्यांच्या आत संपावेत, असं डॉक्टर सांगतात. कारण उपचार काही आठवडे चालला की उरलेल्या रोगट पेशी अधिक जोराने वाढू लागतात. भाताची बेणणी अर्ध्यात सोडली तर उरलेलं तण मोकळ्या जागेत कसं फोफावतं, ते आपल्याला ठाऊक आहे. मध्ये पंधरा दिवस खाडा झाला, तर आधीच्या दिवसांची कमाईही हातची जाऊ लागते.

आणि नेमका हा खाडा आपल्याकडे होतो. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात हे यंत्र नाही. डोळखांबच्या माणसाने आधी एसटी नाहीतर जीप पकडून आसनगाव गाठायचं, मग लोकलने दादर-परळ. टोकावड्याच्या माणसाने मुरबाडवरून कल्याण गाठायचं, आणि मग लोकल. नुसत्या आसनगावहून परळला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतात. पंचवीस फेऱ्यांचे पावणेचार हजार झाले. आमच्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं. तानसाचं तर १८९२ पासून जातंय. ते जलवाहिनीतून रात्रंदिवस बिनबोभाट पोचतं. आजारी माणसाला तोच रस्ता गर्दीच्या डब्यात उभं राहून काटावा लागतो.

दुसरं कारण बरं वाटणं हेच आहे. दोन-तीन आठवड्यांत अंगावरून जाणारं रक्त थांबतं, दुखणं कमी होतं. तेवढ्यात मृग लागतो. राबातली रोपं वर येतात, लावणी तोंडावर येते. बाई म्हणते, आता बरं आहे, लावणी उरकून येते. तिचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. एका लावणीवर घराचं वर्षाचं धान्य अवलंबून असतं. पण रक्त थांबणं म्हणजे रोग संपणं नव्हे. लावणी उरकून ती परत जाते, तेव्हा डॉक्टरांच्या हातातली संधी बारीक झालेली असते.

तिसरं कारण त्रास. चौथ्या आठवड्यात कातडी काळवंडते, जुलाब होतात, तोंडाच्या रुग्णाला घास गिळवत नाही. घरचे म्हणतात, शेकाने जाळलं, बंद करा. यातला बराचसा त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, आणि त्यावर औषधंही असतात. ती डॉक्टरांकडे मागायची, फेरी चुकवायची नाही.

चौथं कारण सांगताना वाईट वाटतं. किरण घेतलेल्या बाईची थाळी वेगळी काढतात, नातवंडाला तिच्या मांडीवर बसू देत नाहीत. अंगातून किरण निघतील म्हणून. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात, दिवा बंद केल्यावर उजेड उरत नाही तसे. आतून द्यायचा स्रोतही आता बहुतेक ठिकाणी यंत्राने आत जातो आणि काही मिनिटांत यंत्रानेच परत काढला जातो. थायरॉइडच्या काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पाजतात, त्यांना थोडे दिवस वेगळं राहायला रुग्णालयच सांगतं. बाकी आजीने नातवाला खुशाल जवळ घ्यावं.

शास्त्रज्ञही आता दिवस कमी करायच्या मागे लागले आहेत. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी २५ दिवस लागायचे. ब्रिटनमधल्या अभ्यासांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की रोजचा डोस थोडा वाढवून १५ दिवसांतही तेवढाच गुण येतो. २०२० मध्ये तिथल्याच चार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात काही जणांना केवळ पाच दिवसांत, एका आठवड्यात उपचार दिला. पाच वर्षांनी पाहिलं तर निकाल तीन आठवड्यांच्या तोडीचा होता. हाडात पसरलेल्या रोगाची वेदना शमवायला तर बहुधा एकाच दिवसाचा डोस पुरतो. मावशींचा प्रश्न असा शंभर वर्षांनी पुन्हा प्रयोगशाळेत आला आहे. पण पिशवीच्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात अजून आठवडेच लागतात. किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, ते आपण मनाने कमी करायचे नाहीत.

पैशाची बाजू थोडी हलकी झाली आहे. २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना किरणोपचाराचा खर्च उचलते. रेल्वे आणि एसटी कर्करुग्णांना भाड्यात सवलत देतात. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची वास्तू आहे. तिथे गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, आणि कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या ध्यानातही राहत नाही. ‘तुमचे किती झाले?’ एवढीच चौकशी. ‘सोळा झाले, नऊ राहिले.’

पण योजनेच्या कुठल्याच कागदावर बुडलेली मजुरी नसते. घरी राहिलेलं लेकरू नसतं, शेळ्या नसतात, लावणी नसते. ही बाजू गावाला सांभाळता येईल. आपल्याकडे लावणीला एकमेकांच्या शेतावर जायची जुनी रीत आहे. ज्या घरातली बाई परळला शेक घेतेय, तिचं शेत त्या वर्षी वाडीने आधी लावून द्यावं. तिचं लेकरू शेजारणीने जेवू घालावं. आशाताईंनी तिच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवावा, आणि ती मध्येच घरी दिसली तर विचारावं, मावशी, पंचवीस झाले का? झाले नसतील तर त्याच दिवशी तिला गाडीत बसवून द्यावं.